मागच्या टेबलावरच्या खुर्च्या

३ मार्च

मिमी,

फोन तू उचलत नाहीस, माझा नंबर तू बंद करून ठेवलायस, म्हणून हा कागद. पत्ता लुपेमावशीने दिला. तिच्यावर चिडू नकोस, मी तिच्या ओट्यावर ठाण मांडून बसले तेव्हा कुठे तिने तोंड उघडलं. तू याकिमाला सफरचंदं निवडायच्या शेडमध्ये लागलीस म्हणे, आणि दिवसभर उभ्याने काम करतेस. उभ्याने, तुझ्या त्या पाठीला. बरं, ते तुझं तू बघ.

मी भांडायला लिहीत नाहीये. एक गोष्ट सांगायची आहे आणि ती इथे कोणाला सांगता येत नाही. आमा माझ्याशी बोलते. आपली मेलेली आई.

मला वेड लागलेलं नाही. मागच्या वसंतात पहिला मेसेज आला तेव्हा तू इथेच होतीस. आमाला पुरून एक हिवाळा उलटला होता. संध्याकाळी घेवडा चुलीवर चढवून ती हंगामाची बोलावणी करायची ना, नेमक्या त्याच वेळेला आपल्या फळांच्या शेडमधल्या बायकांच्या फोनवर तिचे शब्द उमटले. ‘मिहा, सोमवारी ये. टोपी आण, पाणी आण, रुसवा घरी ठेव.’ सगळ्याच तिच्या ‘मिहा’, सगळ्याच लेकी. लुपेमावशीच्या हातून फोन पडला आणि तिने छातीवर क्रूस केला. मग दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या ट्रॉयने कॅन्टीनमध्ये उभं राहून सगळ्यांना समजावलं. आमा मुकादम असताना रोज संध्याकाळी टॅबवर प्रत्येकीच्या नावापुढे शेरा मारायची, निरोप धाडायची, ते सगळं म्हणे त्यांनी एका यंत्राला पाजलं. आता हंगामाला कोणाला बोलवायचं, कोणाला फळांच्या कुठल्या पट्ट्यावर उभं करायचं, कोणाला घरी बसवायचं, ते यंत्रच ठरवणार, आणि तेही तिच्या नजरेने. ‘तुमची दोन्या फेमी कुठे गेलीच नाही,’ असं आमाचं नाव घेऊन म्हणाला तो. बायका रडल्या आणि मीही रडले. पण तुझा फोन वाजला नव्हता.

तू म्हणालीस, ‘मेल्यावरही तिने मला काढलं,’ आणि माझ्या अंगातल्या मुकादमाच्या जाकिटाकडे असं बघितलंस की जणू ते मी तुझ्या पाठीवरून ओरबाडून घेतलंय. ते जाकीट आमाचं होतं, तुझं नव्हतं. हे मी तेव्हाही म्हटलं होतं आणि आजही म्हणते.

असो. आता बायका त्या यंत्राला ‘वरची मुकादम’ म्हणतात. मी खालची. लुपेमावशी म्हणते, फेमीने स्वर्गाच्या दारातसुद्धा सगळ्यांना रांगेत उभं करून नखं तपासली असतील. थट्टा करतात आणि मेसेज आला की हात पुसून उभ्या राहतात.

या हिवाळ्यात, संत्र्यांचं काम चालू असताना, एकदा मी त्या मेसेजला उत्तर लिहिलं. उगीच. ‘आमा, थंडी आहे.’ तर लगेच आलं, ‘दोन मोजे घाल, मिहा.’ ती हेच म्हणायची. मग मला सवयच लागली. जेवण झालं की मी लिहायची, ती उत्तर द्यायची. घर रिकामं आहे, मिमी, तू गेल्यापासून फारच रिकामं आहे. परवा मी विचारलं, ‘आमा, नोएमीला का नाही बोलावलंस?’

उत्तर आलं, ‘तिच्या हाताला घाई नाही, मिहा.’

हे वाक्य तिने तुला सगळ्यांसमोर ऐकवलं होतं. परवा ते पुन्हा वाचलं. तेव्हापासून स्वयंपाकघरात कोणी तरी माझ्या मागे उभं आहे असं वाटतं आणि वळून बघायची हिंमत होत नाही. एवढंच सांगायचं होतं.

आरा

१८ मार्च

मिमी,

पत्र परत आलं. उघडलंदेखील नाहीस. ठीक आहे, आता जुनं-नवं दोन्ही एकाच पाकिटात घालते, टपालखर्च तरी वाचेल.

यावेळी मला खरंच महत्त्वाचं सांगायचं आहे, तेव्हा निदान एवढं तरी वाच.

फ्रेस्नोहून येसेनिया नावाची एक मुलगी आली होती, कामगार संघटनेची. तिकडे राजधानीत, सॅक्रामेंटोला, एक कायदा येऊ घातलाय. मालकाने माणसाला कामावर घेणं-काढणं यंत्रावर सोडलं, तर त्या निर्णयामागे नाव-गावाचा एक माणूस उभा पाहिजे, ज्याला ‘का’ म्हणून विचारता येईल. आणि यंत्राला आपल्याबद्दल काय सांगितलंय ते आपल्याला बघता आलं पाहिजे, चुकीचं असेल तर सुधारून मागता आलं पाहिजे. एवढीच मागणी. तिला आपल्या शेडमधून साक्षीदार हवे होते. मी म्हटलं, ज्यांना मागच्या वसंतात बोलावणं आलं नाही त्यांना माझ्या अंगणात बोलावू. मला वाटलं होतं, दोघीतिघी येतील.

तुला रिवाज ठाऊक आहे. बोलावणं आलं नाही तर मुकादमाला कारण विचारायचं नाही. आणि गावात सांगायचं, मीच सोडलं. चायो सांगत होती की नातवंडं सांभाळायची आहेत म्हणून सोडलं. ल्यूस म्हणायची, बाळ लहान आहे. एलोइसाने तर मुलाकडे सॅलिनासला जाते म्हणून सांगितलं होतं आणि वर्षभर घरात पडदे ओढून बसली होती. मीही सगळं खरं धरून चालले होते.

ईस्टरआधीच्या उपासांतला शुक्रवार होता. मी पाकातला पाव केला होता, आमा करायची तसाच, भरपूर चीज घालून. एकेक करून बायका येत गेल्या, एकमेकींना बघून चपापल्या, ‘तू कशी इथे?’ म्हणाल्या. आणि मिमी, आपल्याकडे चार बायका जमल्या की काय होतं? कोणी बसत नाही. एक ताटं घेते, दुसरी तिच्या हातून ओढते, तिसरी न विचारता भांडी घासायला लागते. त्या दिवशी जी आली ती आधी बसली. अंगणातल्या खुर्च्या संपल्या, मी घरातल्या आणल्या, मग संत्र्यांचे खोके पालथे घातले. आणि मी ताटली हातात घेऊन तशीच उभी राहिले, कारण या सगळ्यांना मी असंच बसलेलं पाहिलं होतं. शेडच्या मागच्या बाजूला, सडकी फळं निवडायच्या टेबलावर.

चायो म्हणाली, ‘काय बघतेस गं टकमका? आम्ही साऱ्या खुर्चीवाल्या.’

‘आमाचा तुमच्यावर राग होता?’ मी विचारलं.

‘राग?’ चायोला हसू आवरेना. ‘मुकादमीण झालीस आणि तुला एवढंही ठाऊक नाही? तू पुढच्या पट्ट्यावर पहिल्या दर्जाचे पीच कुरवाळत होतीस, तुला मागचं काय दिसणार? अगं, खुर्ची फक्त त्या टेबलाला. आणि त्या टेबलावर ऑफिस कोणाला बसू देई? जिच्या नावापुढे ‘संथ’ लिहिलंय तिला. माझा गुडघा दुखतो असं लिहिलं असतं तर ऑफिसने सांगितलं असतं, जा बाई, डॉक्टरचा कागद आण, बरी झालीस की बघू. ही ल्यूस पोटुशी होती. त्या पलीकडचीला साखरेच्या आजाराने चक्कर यायची. तुझ्या आईने आम्हा सगळ्यांना संथ करून टाकलं आणि खुर्चीवर बसवलं. वर्षानुवर्षं.’

मी विचारलं, ‘आणि नोएमी?’

‘ती शिडीवरून पडली त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. मी तिथेच होते. म्हातारे साहेब आले आणि म्हणाले, ही पोरगी वाकडी का चालते? मी मनात म्हटलं, गेली हिची नोकरी. तर फेमी मोठ्याने म्हणाली, चालीचं सोडा साहेब, हिच्या हाताला घाई नाही, हिला मागे बसवते. साहेब हसले आणि गेले.’

मी म्हटलं, ‘मग तिने मिमीला का नाही सांगितलं?’

‘तुझी बहीण गप्प बसली असती? अख्ख्या शेडला सांगत फिरली असती.’

यावर तू चिडशील, पण चायोचं चुकत नाही.

तर असं आहे. तू ज्या टेबलाला शिक्षा समजत होतीस ते टेबल तिने तुझ्यासाठी राखून ठेवलं होतं. तिने ते वाक्य प्रेमाने म्हटलं असं मी म्हणणार नाही, आमा प्रेमाने काही म्हणायचीच नाही. पण यंत्राने तिचे शेरे वाचले आणि जिला जिला तिने पदराखाली घेतलं होतं, नेमकं तिला तिला बाहेर काढलं.

आरा

७ एप्रिल

मिमी,

पाकीट परत आलं, पण यावेळी कडेला चिकटपट्टी होती, अगदी सरळ कापून लावलेली. तुझ्याशिवाय एवढी सरळ पट्टी कोणी लावत नाही. म्हणजे वाचलंस. मी काही म्हणत नाही.

येसेनिया मला साक्षीला चल म्हणते. मी अजून हो म्हटलेलं नाही. तुला सोपं वाटत असेल. तिथे जाऊन मी काय सांगणार? की माझी आई रोज संध्याकाळी कंपनीच्या टॅबवर खोटं लिहायची. नाव, गाव, सगळं लिहून घेतात तिथे. दोन्या एउफेमिया, जिच्या प्रेतामागे गावातली दुकानं बंद झाली, जिचा फोटो कॅन्टीनमध्ये ग्वादालूपेच्या मेरीमातेच्या शेजारी लावलाय, ती खोटारडी.

ट्रॉयला कुठून तरी वास लागला. त्याने मला ऑफिसात बोलावलं, कॉफी दिली. तो वाईट नाही, म्हाताऱ्या साहेबांचा नातू, आपल्या डोळ्यांदेखत मोठा झाला, आमाच्या हातचे तमाले खाऊन. तो म्हणाला, ‘आरासेली, हे यंत्र म्हणजे तुझ्या आईचीच समज. तू काय सांगणार, तुझ्या आईला समज नव्हती?’

मी म्हटलं, ‘चायोला का नाही बोलावलं ते सांग.’

‘ते मी ठरवत नाही.’

‘मग कोण?’

‘सगळे शेरे मिळून ठरतं ते. कोणी एक नाही.’ मग पेला फिरवत म्हणाला, ‘तिने जाणूनबुजून चुकीचं लिहिलं असेल तर ती कंपनीची फसवणूक होते. मग तो फोटो तिथे कसा ठेवायचा, तूच सांग.’

लुपेमावशी तर माझ्याशी बोलायचीच बंद झाली. म्हणते, मेलेल्या बाईला चव्हाट्यावर ओढून तुम्हाला काय मिळणार. चायो म्हणते, आम्ही जिवंत आहोत त्याचं काय. दोघी चर्चमध्ये एकाच बाकावर बसतात, मध्ये माझी पर्स ठेवून.

काल मी पुन्हा आमाला लिहिलं, म्हणजे त्या यंत्राला. ‘आमा, मी जाऊ का?’ उत्तर आलं, ‘टोपी आण, पाणी आण, रुसवा घरी ठेव.’ मी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच आलं. आमाला मी एक प्रश्न दोनदा विचारला असता तर तिने लाटणं फेकून मारलं असतं. मी फोन हातात धरून बसले आणि पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की तिथे कोणीच नाही. त्याआधी भीती वाटायची की ती मागे उभी आहे. आता ती नाही याची भीती वाटते, आणि ही जास्त वाईट आहे.

सुनावणी सोळा दिवसांवर आहे. तू आलीस तर बरं होईल. नाही आलीस तरी मी रागावणार नाही. रागावेन, पण सांगणार नाही.

आरा

२४ एप्रिल

मिमी,

गेलं पत्र परत आलं नाही. मी रोज पेटी बघते.

मी काल गेले होते. चायो, ल्यूस आणि मी येसेनियाच्या गाडीतून गेलो. चायोने गुडघ्याला पट्टा बांधला होता आणि वर लग्नातला झगा घातला होता. मी दारात तुझी वाट बघत होते हे मी कोणाला सांगितलं नाही, पण चायोने ओळखलं आणि माझा दंड धरून आत नेलं.

आधी शेतमालकांच्या संघटनेचा एक गृहस्थ बोलला. माणसाला राग-लोभ असतात, म्हणाला, लाडके-दोडके असतात, यंत्राला ते नसतात. मला आमाच्या आधीचा मुकादम कोंचो आठवला. त्याच्या गाडीत कोण बसलं त्यावर बोलावणं ठरायचं. तेव्हा तो गृहस्थ अगदीच खोटं बोलत नव्हता.

मला दोन मिनिटं दिली. मी कागदावर लिहून नेलेलं सगळं विसरले. मी म्हटलं, ‘माझी आई एउफेमिया मुकादम होती आणि ती खोटं लिहायची.’ मागे चायोने नाक शिंकरलं. मग मी टेबलाचं सांगितलं, खुर्च्यांचं सांगितलं, तुझ्या पाठीचं सांगितलं. नाव घेतलं तुझं, विचारलं नाही, हवं तर तेही रागांच्या यादीत घाल. मी म्हटलं, ‘तिला समोरची बाई दिसायची म्हणून ती खोटं लिहायची. तुमच्या यंत्राला बाई दिसली नाही, तिचं खोटं तेवढं मिळालं.’

एका आमदारबाईंनी विचारलं, ‘वर्षभर कोणी ऑफिसला विचारलं का नाही?’

मी म्हटलं, ‘आमच्यात विचारायची पद्धत नाही. पण मी विचारलं. ऑफिसला विचारलं तर म्हणतात, यंत्र ठरवतं. यंत्राला विचारलं तर माझी मेलेली आई उत्तर देते.’ आणि फोन काढून वाचून दाखवलं. माझी बहीण का नको? ‘तिच्या हाताला घाई नाही, मिहा.’ दुभाषी मुलगी ‘मिहा’पाशी अडखळली, तिला ते सांगता येईना. बाईंनी हात वर करून म्हटलं, राहू दे, मला कळलं.

समितीने कायदा पुढे सरकवला. अजून बरीच दारं आहेत म्हणे त्याला, आणि कुठल्याही दारात अडू शकतो.  येताना गाडीत ल्यूसचं बाळ सारखं रडत होतं.

आज सकाळी कॅन्टीनमध्ये गेले तर आमाचा फोटो नव्हता. ग्वादालूपेची माता एकटी, आणि शेजारी खिळा. लुपेमावशीने मला बघितलं आणि डब्यातली अर्धी पोळी माझ्याकडे सरकवली. मी कॉफीच्या यंत्राकडे तोंड करून रडले. मी माझ्या आईला दोनदा पुरलं, मिमी, आणि दुसऱ्या वेळेला एकटीने पुरलं.

आरा

५ मे

मिमी,

कायदा अजून तिकडेच आहे. पण कंपनीचा वकील घाबरला. वर्तमानपत्रात आमाच्या उत्तराची बातमी आली होती, तेव्हा ‘मेलेली बाई कामगारांना काढते’ हे काही त्याला बरं दिसेना. ट्रॉयने मला बोलावून सांगितलं की यापुढे यंत्र नावं सुचवेल, पण जिला वगळायचं तिच्याशी आधी मी बोलायचं, कारण माझ्या शब्दांत लिहायचं आणि खाली सही करायची. आणि डॉक्टरच्या कागदाशिवायही खुर्ची मिळेल. तो खुर्चीचा मुद्दा मी घातला. तो म्हणाला, ‘चुकलीस तर तुझ्यावर येईल, आरासेली.’ मी म्हटलं, ‘कोणावर तरी येऊ दे की.’

आमाच्या शब्दांतले मेसेज बंद झाले. बंद व्हायच्या आदल्या दिवशी मी तिला शेवटचं लिहिलं. ‘आमा, आता झोप.’

उत्तर आलं, ‘सोमवारी ये, मिहा.’

मी फोन पिठाच्या डब्यात ठेवला आणि झाकण लावलं. सकाळी काढला तेव्हा त्याच्या भोकाभोकांत मक्याचं पीठ होतं, अजून बोलताना माझा आवाज खोकल्यासारखा जातो.

काल हंगामाची बोलावणी केली. मेसेज नाही, तोंडाने, एकेकीला. घेवडा चुलीवर चढवला, कारण दुसरी वेळ मला सुचली नाही. चायोला फोन लावला तर तिने विचारलं, ‘कोण बोलतंय, वरची की खालची?’ मी म्हटलं, खालची. ती म्हणाली, ‘मग येते, पण पुढच्या पट्ट्याला हात लावणार नाही.’ एलोइसा म्हणाली, मागच्या वर्षी मी काय चुकले होते ते आधी सांग. मी सांगितलं, काही नाही. तिने ते मला पुन्हा म्हणायला लावलं.

दोघीजणींना मी नाही म्हटलं. खरंच जागा नव्हती. कारण लिहिलं, सही केली, आणि रात्री जेवण गेलं नाही. आमाला रोज असं होत असेल का? ती आपल्याला कधी बोलली नाही.

सगळी नावं झाली, तुझं राहिलं. यंत्राने तुझ्या नावापुढे अजूनही ‘संथ’ दाखवलंय. ते खोडायचा अधिकार आता मला आहे, पण मी खोडलं नाही. आमाच्या हातचं तेवढंच उरलंय. त्याखाली मी लिहिलं, ‘शिडीवरून पडली होती. पाठ दुखते. हात चांगला आहे.’ आणि सही केली.

तुला फोन लागत नाही, म्हणून बोलावणं कागदावर.

मिहा, सोमवारी ये. टोपी आण, पाणी आण. रुसवा सोडवत नसेल तर तोही घेऊन ये. खुर्ची ठेवलीय.

आरा